डिसप्रपोर्शनेशन ओळखताना या चुका टाळा

हायपोक्लोराइट, क्लोराइट, क्लोरेट आणि परक्लोरेट, या क्लोरीन-ऑक्सिजनच्या आयनांपैकी कोणाचं डिसप्रपोर्शनेशन (एकाच मूलद्रव्याचं एकाच वेळी ऑक्सिडीकरण आणि क्षपण) होणार नाही? उत्तर परक्लोरेट, हे बहुतेकांना पाठ असतं. कारण विचारलं की मात्र 'त्यात चार ऑक्सिजन आहेत म्हणून' असं ऐकायला मिळतं. ऑक्सिजन मोजू नका, क्लोरीनचा ऑक्सिडीकरण अंक (अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले वा मिळवले असं मानायचं, तो आकडा) काढा. तो इथे +७ आहे. क्लोरीनच्या बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉनच सात, त्यामुळे आणखी वर चढणं शक्य नाही. डिसप्रपोर्शनेशनमध्ये एकाच मूलद्रव्याचे काही अणू वर चढतात, काही खाली उतरतात, म्हणून सुरुवात मधल्या पायरीवरूनच व्हावी लागते.

ही पायरी मूलद्रव्यागणिक बदलते. थंड, विरल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये क्लोरीन शून्यावरून −१ आणि +१ वर जातो. ते पाहून फ्लोरीनलाही तोच नियम लावू नका. त्याला धन अंकच नाही.

पोटॅशिअम क्लोरेट तापवून ऑक्सिजन मिळवताना क्लोरीन खाली येतो आणि ऑक्सिजन वर जातो. मूलद्रव्यं दोन, म्हणून हे डिसप्रपोर्शनेशन नव्हे. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या विघटनात मात्र −१ चा ऑक्सिजनच −२ आणि शून्य अशा दोन्हीकडे जातो.

सगळ्यात जास्त गुण जातात ते 'मधली पायरी आहे, म्हणजे होणारच' या समजुतीने. फेरस आयनातलं लोखंड +२ वर, म्हणजे शून्य (धातू) आणि +३ (फेरिक) यांच्या मध्येच आहे. पण त्याचं खाली उतरण्याचं प्रमाण क्षपण विभव (इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ किती, ते सांगणारा आकडा) −०.४४ व्होल्ट आणि फेरिकपासून फेरसचं +०.७७. पहिलं दुसऱ्यापेक्षा जास्त असेल तरच गाडी पुढे सरकते. इथे उलटंच घडतं: फेरस सल्फेटच्या द्रावणात फेरिक साचू नये म्हणून लोखंडाचा खिळा टाकून ठेवतात. क्यूप्रस आयनासाठी (+१ वरचं तांबं) हेच आकडे +०.५२ आणि +०.१५, म्हणून तो पाण्यात टिकत नाही. लाल क्यूप्रस ऑक्साइडवर विरल सल्फ्युरिक आम्ल घाला. द्रावण निळं होतं, तळाशी लालसर गाळ राहतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, थोडी भुकटी विरघळायची राहिली. पण तो गाळ नव्याने तयार झालेल्या तांब्याचा असतो.

माध्यमही वाचा. हिरवं मँगनेट (मँगनीज +६ वर) तीव्र अल्कलीत टिकतं. आम्ल पडलं की त्याचं डिसप्रपोर्शनेशन होतं: द्रावण परमँगनेटचं (+७) जांभळं होतं आणि मँगनीज डायऑक्साइडचा (+४) तपकिरी साका खाली बसतो.