घरी बांधलेल्या विमानाचे रिगिंग आणि बॉल मध्यावर ठेवून घेतलेले वळण

अमेरिकेत एक्स्पेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट (हौशी लोकांनी स्वतः बांधलेल्या विमानांच्या) वर्गात नोंदलेले आरव्ही-9ए हे दोन आसनी विमान मी स्वतः बांधले आणि उडवतो. बांधणीला नव्याने हात घालणारे मित्र बहुधा इंजिनाविषयी विचारतात. मला मात्र रिगिंगविषयी, म्हणजे पंख आणि हलते भाग अचूक कोनात जुळवण्याविषयी, आधी सांगावेसे वाटते, कारण वळताना पायांना किती काम करावे लागेल, हे बऱ्याच अंशी विमान जमिनीवर असतानाच ठरून गेलेले असते.

पंखाचा इन्सिडन्स, म्हणजे पंख धडाला ज्या कोनात जोडला जातो तो कोन, दोन्ही बाजूंना सारखा हवा. मागच्या स्पारमधले (पंखाच्या आतल्या लांब आधार-तुळईमधले) बोल्टचे छिद्र पाडण्यापूर्वी तो डिजिटल लेव्हलने दोन्ही पंखांवर पुन्हा पुन्हा मोजावा, कारण छिद्र पडल्यानंतरची दुरुस्ती फार अवघड असते. मग बेलक्रँक, म्हणजे स्टिकची (हातातल्या नियंत्रण-दांड्याची) हालचाल पुढे पोहोचवणारी पंखातली तरफ, जिगने (साच्याने) मध्यावर पकडून ठेवावा आणि एलेरॉन, म्हणजे विमान कलवणारा पंखाच्या मागच्या कडेचा हलता पट्टा, पंखाच्या छेदाशी एका रेषेत येईल अशी पुशरॉडची (जोडदांडीची) लांबी जुळवावी. फ्लॅप (उतरताना खाली करायचा पंखाच्या मागच्या कडेचा पट्टा) त्यानंतर एलेरॉनशी जुळवावा, उलट क्रमाने नाही. सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते बॉलकडे, म्हणजे विमान बाजूने घसरते आहे का हे दाखवणाऱ्या पॅनेलवरच्या गोळीकडे. विमान दोन्ही बाजूंना समतल करून बॉल मध्यावर आहे ना, हे जमिनीवरच पाहावे. पॅनेल किंचित तिरके बसले असेल, तर हवेत बॉल मध्यावर आणूनही विमान तिरपेच उडत राहते.

पुढची तपासणी चाचणी-उड्डाणांत होते. या वर्गात त्यासाठी सामान्यतः किमान 25 किंवा 40 तास ठरवून दिलेले असतात. शांत हवेत, क्रूझ वेगात पाय पेडलवरून उचलावेत आणि बॉल कुठे जातो ते पाहावे. तो उजवीकडे गेला, तर विमानाला उजवा रडर (पेडलने हलणारे शेपटीवरचे उभे सुकाणू) हवा आहे, म्हणून रडरच्या मागच्या कडेवरचा टॅब (छोटी पट्टी) थोडा डावीकडे वळवावा. बॉल स्थिर झाल्यावरच स्टिक सोडून कोणता पंख खाली जातो ते तपासावे. हा क्रम मी आग्रहाने सांगतो, कारण विमान बाजूने घसरत असेल तर पंखांच्या डायहेड्रलमुळे (टोकांकडे वर चढत जाणाऱ्या कोनामुळे) ते आपोआप कलते आणि निर्दोष पंखही जड वाटू लागतो. वैमानिक डावीकडे बसलेला असतो आणि दोन टाक्यांतले इंधनही क्वचितच समान असते, हेही निष्कर्ष काढण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

आता वळण. खाली गेलेला एलेरॉन त्या पंखाची लिफ्ट (वर उचलणारे बल) वाढवतो, पण त्याबरोबर ड्रॅगही (हवेचा विरोधही) वाढवतो, त्यामुळे नाक वळणाच्या विरुद्ध दिशेला ओढले जाते. राइट बंधूंना 1902च्या ग्लायडरमध्ये याच अडचणीपायी हलता रडर बसवावा लागला होता. म्हणून स्टिकबरोबर त्याच बाजूचा रडर द्यावा, आणि हवा तेवढा कल आला की दोन्ही जवळजवळ मध्यावर आणावेत. सरावासाठी क्षितिजावरची एखादी खूण निवडून नाक तिच्यावरून ढळू न देता विमान डावी-उजवीकडे सुमारे 20 अंश कलवत राहावे. हाता-पायांचा मेळ यातून जितका लवकर बसतो, तितका नुसत्या वळणांतून बसत नाही.

टॅब मात्र एकाच वेगासाठी बसवलेला असतो. पूर्ण शक्तीने चढताना उजवा पाय लागतोच, त्यामुळे चढतानाचे डावे आणि उजवे वळण पायांना वेगळे जाणवते.

सर्वाधिक जपावे ते धावपट्टीकडे वळतानाच्या शेवटच्या वळणात. वळण रुंद पडले की कल वाढवायची भीती वाटते आणि पाय नकळत आतल्या रडरवर दाबला जातो. बॉल बाहेर फेकला जातो, आणि वेग कमी असेल तर आतला पंख आधी स्टॉल होऊन (उचल गमावून) स्पिन, म्हणजे गोल फिरत खाली पडणे, सुरू होऊ शकतो. त्या उंचीवर सावरायला जागा नसते. घट्ट वळणही स्वस्त नाही, कारण उंची राखून वळताना 45 अंशांच्या कलात स्टॉलचा वेग सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो. म्हणून कल 30 अंशांच्या आत ठेवावा, आणि धावपट्टीची रेषा ओलांडली गेलीच तर पंख सरळ करून, थ्रॉटल पुढे करून पुन्हा फेरी घ्यावी.