स्मोक अलार्म: भाड्याच्या घरात किती हवेत, कुठे बसवायचे आणि चालू कसे ठेवायचे

इमारतीच्या जिन्यात किंवा कॉरिडॉरमध्ये छताला जी पांढरी डबी दिसते, ती बहुधा डिटेक्टर असते. तिला स्वतःचा आवाज नसतो. धूर शिरला की ती वायरमधून कंट्रोल पॅनेलला कळवते आणि भोंगे पॅनेल वाजवते. घरात बसवायचा असतो तो अलार्म: सेन्सर, भोंगा आणि बॅटरी सगळे एकाच डबीत. दुकानात दोन्ही ‘स्मोक डिटेक्टर’ म्हणूनच विकले जातात, त्यामुळे पॅनेलला जोडायचा डिटेक्टर विकत आणून घरात नुसताच छताला लावलेला आढळतो. तो कधीच वाजणार नाही. तसेच, नियमात ‘प्रत्येक घरात अलार्म’ असे लिहिले असेल तर कॉरिडॉरमधल्या यंत्रणेने ती अट पूर्ण होत नाही. बेडरूमच्या छतावरचा धूर बंद दारातून झिरपत कॉरिडॉरपर्यंत पोचायला फार उशीर लागतो.

आपल्याला लागू असलेला नियम कसा शोधावा

नियम एकाच कागदावर नसतो. बांधकाम नियमावली नव्या इमारतींना आणि मोठ्या फेरबदलांना लागू होते. अग्निसुरक्षेचा कायदा आधीपासून उभ्या असलेल्या इमारतींवर जबाबदारी टाकतो. अलार्म कोणी आणायचा, कोणी तपासायचा, बॅटरी कोणी बदलायची हे भाडेविषयक कायद्यात किंवा त्याखालच्या नियमांत सापडते. शोध याच क्रमाने घ्या: आधी इमारतीच्या बांधकाम परवानगीचे वर्ष, मग स्थानिक अग्निशमन विभागाच्या सूचना, मग भाडेकायदा आणि शेवटी भाडेकरार व घराच्या विम्याच्या अटी. दोन ठिकाणी वेगळे लिहिले असेल तर कडक अट पाळा.

‘एनएफपीए ७२’ (अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेचे अलार्मविषयक मानक) यासारखे मानक स्वतः कायदा नसते. स्थानिक प्रशासनाने ते स्वीकारले की त्याला कायद्याचे बळ येते, आणि स्वीकारलेली आवृत्ती अनेकदा जुनी असते. म्हणून ‘नवीन आवृत्तीत असे आहे’ एवढ्यावर थांबू नका, आपल्याकडे कोणती आवृत्ती लागू आहे ते विचारा.

जागेनुसार फरक किती पडतो ते एका घरावरून पाहू. वरच्या मजल्यावर तीन बेडरूम आणि पॅसेज, खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर. इंग्लंडमधल्या २०१५च्या नियमांनुसार राहण्याची खोली असलेल्या प्रत्येक मजल्यावर किमान एक अलार्म लागतो, म्हणजे इथे दोन पुरतात. ‘एनएफपीए ७२’ प्रत्येक बेडरूममध्ये, झोपण्याच्या भागाबाहेर आणि प्रत्येक मजल्यावर अलार्म मागते: तीन बेडरूमचे तीन, पॅसेजचा एक, खालचा एक असे पाच. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये १ जानेवारी २०२२पासून भाड्याच्या घरांना जवळपास हीच मांडणी सक्तीची आहे, शिवाय सगळे अलार्म फोटोइलेक्ट्रिक आणि एकमेकांना जोडलेले, म्हणजे एक वाजला की सगळे वाजतील असे हवेत. जर्मनीत बेडरूम, मुलांच्या खोल्या आणि बाहेर पडायचे पॅसेज यांवर भर आहे.

दोन पुरत असले तरी पाच बसवावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. दार लावून झोपायची सवय असेल तर खोलीत लागलेल्या आगीचा धूर पॅसेजमधल्या अलार्मपर्यंत वेळेत जात नाही, आणि पॅसेजमधला आवाज बंद दाराआड बराच मंद होतो.

कोणता घ्यावा

फोटोइलेक्ट्रिक घ्या. त्यात प्रकाशाचा झोत असतो, धुराचे कण आत आले की तो विखुरतो आणि सेन्सरवर पडतो. गादी, सोफा, वायरचे आवरण असे धुमसत जळणाऱ्या गोष्टींचा धूर तो लवकर पकडतो. आयोनायझेशन प्रकारात अमेरिशियम-२४१ हा किरणोत्सारी पदार्थ अगदी थोडा असतो. भडकलेल्या ज्वाळांना तो आधी दाद देतो, पण फोडणीच्या वाफेलाही तितक्याच उत्साहाने ओरडतो. असा अलार्म स्वयंपाकघराजवळ लावला की घरातले कोणीतरी आठवड्याभरात बॅटरी काढून ठेवते.

स्वयंपाकघरात हीट अलार्म चालतो. तो साधारण ५८ अंश सेल्सिअसला वाजतो. मात्र तो स्मोक अलार्मऐवजी नसून त्याच्या जोडीला आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही वेगळाच. या वायूला रंग-वास नसतो आणि स्मोक अलार्मला तो कळत नाही.

खोक्यावर मानकाची खूण पाहा: अमेरिकेत ‘यूएल २१७’, युरोपात ‘ईएन १४६०४’, ऑस्ट्रेलियात ‘एएस ३७८६’. मग डबी उलटी करून उत्पादनाची तारीख वाचा. अलार्मचे आयुष्य त्या तारखेपासून कमाल १० वर्षे धरतात, बसवल्याच्या दिवसापासून नव्हे. दोन वर्षे गोदामात पडून राहिलेला अलार्म सवलतीत मिळाला तरी त्याची आठच वर्षे उरलेली असतात.

भाड्याच्या घरासाठी १० वर्षांची सीलबंद लिथियम बॅटरी सर्वांत सोयीची, कारण ती रिमोटमध्ये घालायला काढता येत नाही. वीजजोडणीचा अलार्म असेल तर त्याला बॅकअप बॅटरी हवीच. जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्या आणि ती भिंतीवरच्या बटणाने किंवा डिमरने बंद होणाऱ्या लाइनवर देऊ नका.

जागा ठरवताना

धूर वर जातो आणि छताखाली पसरतो, म्हणून छताचा मध्य ही सर्वांत चांगली जागा. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हवा अडकून राहते, तिथे धूर उशिरा पोचतो. युरोपीय पद्धतीत भिंतीपासून ५० सेंटिमीटर अंतर सोडतात. छताला लावणे शक्यच नसेल आणि उत्पादक परवानगी देत असेल, तर भिंतीवर छतापासून ३० सेंटिमीटरच्या आत लावा. उतरत्या छतात शिखरापासून ९० सेंटिमीटरच्या आत, पण अगदी वरचे १० सेंटिमीटर सोडून.

यापुढची अंतरे खोट्या गजरासाठी आहेत, आणि बहुतेक तक्रारी इथेच उगम पावतात. शेगडीपासून किमान ३ मीटर. बाथरूमच्या दारापासून ९० सेंटिमीटर, नाहीतर गरम पाण्याची वाफ थेट सेन्सरमध्ये जाते. पंख्याच्या पात्याच्या टोकापासून आणि एसीच्या झोतापासूनही ९० सेंटिमीटर. इथे धोका उलटा आहे: अलार्म खोटा वाजत नाही, वारा धूर ढकलून देतो आणि तो खराही वाजत नाही. छताच्या मधोमध पंखा असेल तर मध्याचा हट्ट सोडा. पंख्याच्या घेरापासून आणि भिंतीपासून ठरलेले अंतर सुटेल अशी जागा शोधा.

एका खोलीच्या घरात ३ मीटर सुटतच नाहीत. अशा वेळी ‘हश’ बटण असलेला फोटोइलेक्ट्रिक अलार्म पलंगाच्या बाजूला, शेगडीपासून जमेल तितका लांब बसवावा. फोडणी करताना हश दाबला की काही मिनिटे त्याची संवेदनशीलता कमी होते आणि नंतर तो आपोआप पूर्ववत होतो.

बसवणे

ड्रिल, ६ मिलिमीटरचे बिट, दोन रावल प्लग, दोन स्क्रू, पेन्सिल, भक्कम शिडी आणि डोळ्यांना चष्मा एवढे पुरते. प्लग सहसा अलार्मसोबत येतात. बिटची जाडी त्यांवरूनच ठरवा.

बेस प्लेट छताला धरून दोन खुणा करा. स्लॅबमधून विजेचे पाइप गेलेले असतात, त्यामुळे दिव्याच्या पॉइंटपासून बटणाकडे जाणाऱ्या सरळ रेषेत भोक पाडू नका आणि ड्रिल करताना त्या लाइनचा पुरवठा बंद ठेवा. भोक प्लगच्या लांबीपेक्षा थोडे खोल घ्या. भुकटी फुंकून काढा, प्लग हलक्या हाताने ठोका, प्लेट स्क्रूने आवळा. फॉल्स सीलिंगच्या जिप्सम बोर्डात साधा प्लग धरत नाही, तिथे बोर्डासाठीचा अँकर लागतो. ड्रिलची धूळ बसेपर्यंत अलार्म खोक्यातच ठेवा. मग बॅटरी घाला किंवा सीलबंद असेल तर खटका चालू करा, अलार्म प्लेटवर फिरवून बसवा आणि टेस्टचे बटण भोंगा वाजेपर्यंत दाबून ठेवा.

घरमालक भोक पाडू देत नसेल तर चिकट किंवा चुंबकीय पॅड मिळतात. ते उत्पादकाला मान्य असतील तरच वापरा. चुन्याच्या किंवा पापुद्रे सुटलेल्या रंगावर ते टिकत नाहीत.

जोडलेले अलार्म एकाच उत्पादकाचे आणि एकमेकांशी सुसंगत मॉडेलचे लागतात. वेगळ्या कंपन्यांचे वायरलेस अलार्म सहसा एकमेकांशी बोलत नाहीत. जोडणी झाली की एकाचे बटण दाबा आणि घरभर फिरून बाकीचे वाजतात का ऐका. दारे बंद ठेवून ऐका, खरी परीक्षा तीच. ३ मीटरवर सुमारे ८५ डेसिबल आवाज हे उपकरणाचे मोजमाप झाले. उशीपाशी ‘एनएफपीए ७२’ ७५ डेसिबलची अपेक्षा ठेवते. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला भोंगा किंवा झगमगता दिवा आणि उशीखालचे कंपन पॅड घ्या. नेहमीचा भोंगा ३००० हर्ट्झच्या आसपास असतो आणि वयपरत्वे सर्वांत आधी जातात ते याच टिपेचे आवाज.

चालू ठेवणे

महिन्यातून एकदा बटण दाबा. सहा महिन्यांतून एकदा व्हॅक्युम क्लीनरचा मऊ ब्रश जाळीवरून फिरवा. पाणी, साबण, फवारा काही नको. रंगकामाच्या दिवसांत अलार्म झाका आणि काम संपले की त्याच संध्याकाळी झाकण काढा. जाळीवर रंग बसला तर तो खरवडू नका, अलार्मच बदला.

दर मिनिटाच्या आसपास एकच बारीक ‘चिप्’ आवाज येत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा अलार्मचे आयुष्य संपले आहे. तो नेमका पहाटे सुरू होतो, कारण गारव्याने बॅटरीचा व्होल्टेज खाली येतो. दिवसा खोली तापली की थांबतो आणि लोक विसरतात. उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचीच नवी बॅटरी घाला, चार्ज होणारी चालत नाही. तरीही आवाज थांबला नाही तर मागची तारीख वाचा. कारण नसताना पूर्ण गजर होत असेल तर बहुतेकदा आत किडा किंवा धूळ गेलेली असते.

अनेक उपकरणांत तीन ठोके, विराम, पुन्हा तीन ठोके म्हणजे धूर आणि चार-चार ठोके म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. हे घरातल्या मुलांना ऐकवून ठेवा.

मालक, भाडेकरू आणि कागद

इंग्लंडमध्ये नवा भाडेकरार सुरू होण्याच्या दिवशी अलार्म चालतो का हे तपासणे घरमालकावर बंधनकारक आहे आणि १ ऑक्टोबर २०२२पासून बिघाड कळवल्यावर दुरुस्तीही त्याच्याकडे आली. क्वीन्सलँडमध्ये करार सुरू होण्याआधीच्या ३० दिवसांत मालक तपासणी व सफाई करतो आणि राहत असताना उतरलेली बॅटरी भाडेकरू बदलतो. आपल्याकडचा नियम याबाबत गप्प असेल तर करारात एक ओळ घाला: कोणत्या खोलीत कोणते मॉडेल, उत्पादनाची तारीख, चाचणीची तारीख, बॅटरी कोणाची. त्या ओळीपाशी मालक आणि भाडेकरू दोघांच्या सह्या आणि अलार्मच्या मागच्या बाजूच्या तारखेचा फोटो. बिघाड तोंडी सांगू नका, मेसेज किंवा ईमेल करा.

भाडेकरूने स्वतःचा अलार्म लावला असेल तर घर सोडताना मालकाचा जुना अलार्म परत जागेवर बसवून, बटण दाबून दाखवावा. वायरलेस असेल तर नेण्यापूर्वी उरलेल्या अलार्ममधून त्याची जोडणी काढून टाकावी आणि उरलेले एकमेकांसोबत वाजतात ना, हे पुन्हा एकदा तपासावे. काही मॉडेल हरवलेला जोडीदार शोधत दोष दाखवत राहतात, आणि नव्या भाडेकरूला त्या आवाजाचे कारण कळायला मार्ग नसतो.