पोकलेनभोवती फक्कीचा घेरा

नाशिकचा पाथर्डी फाटा असो की आडगाव, पायाखोदाईच्या साईटवर पोकलेन गर्रकन फिरतं. ऑपरेटरला मागचं नीट दिसत नाही आणि मागून जाणारा मजूर भिंत अन् मशीनमध्ये सापडू शकतो. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे मैदानावर मारतात ती फक्की.

१. सकाळी आसपास कोणी नसताना, बूम म्हणजे मशीनचा लांब हात पूर्ण लांब करून मशीन सावकाश गोल फिरवा. बकेट पोचते त्याच्याही दोन पावलं बाहेर फक्कीची रेघ मारा. मशीन सरकलं की रेघ नवी.

२. मशीनची मागची बाजू आणि भिंत यांत माणूस मावेल एवढी फट उरत असेल, तर ती दोरी किंवा बॅरिकेड लावून बंदच करा. सगळ्यात घातक जागा हीच.

३. बकेट जमिनीला टेकली आणि ऑपरेटरने हात दाखवला, तरच रेघेच्या आत यायचं. हे बिगारी, मुकादम आणि इंजिनिअरसाहेब सगळ्यांना सारखंच. डबा घेऊन येणाऱ्या घरच्यांनाही आवर्जून सांगा, त्यांना कोणी सांगतच नाही.

पावसात फक्की धुऊन जाते. त्या दिवसांत खुंट्या ठोकून रंगीत पट्टी बांधा.