विंडोज १० असलेल्या जुन्या संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम कशी बसवावी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नियमित अपडेट थांबवले. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही, परंतु नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींची दुरुस्ती त्याला आपोआप मिळेनाशी झाली, आणि ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात त्याच्या बाबतीत याकडे दुर्लक्ष करता येत नाही. असा संगणक घरात असेल, तर तो भंगारात काढण्याआधी काही गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

प्रथम प्रोसेसर पाहावा. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडले की त्याचे नाव दिसते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आय-३ किंवा आय-५ नंतर येणाऱ्या आकड्याच्या सुरुवातीवरून पिढी कळते. म्हणजे ८२५० असेल तर आठवी, ७२०० असेल तर सातवी. विंडोज ११साठी साधारणपणे आठवी किंवा त्यानंतरची पिढी लागते. त्याशिवाय ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूटची (केवळ विश्वासार्ह सिस्टीमच सुरू होऊ देणारी) सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप या अटी आहेत. हे सारे एकत्रित तपासण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन वापरावे. ४ जीबी रॅम नियमात बसत असली तरी प्रत्यक्ष कामाला ती अपुरी पडते; ८ जीबी असावी.

टीपीएम नाही असे उत्तर आले तरी लगेच निराश होऊ नये. ती सोय पुष्कळदा संगणकात असते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या संगणकात तिचे नाव पीटीटी आणि एएमडीच्या संगणकात एफटीपीएम असे आढळते. मात्र बायोसमध्ये काहीही बदलण्यापूर्वी डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप आहे का हे पाहावे आणि असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. ती हाताशी नसेल आणि बदलानंतर संगणकाने मागितली, तर आपल्याच फायली आपल्याला उघडता येणार नाहीत.

यानंतर बॅकअप. कागदपत्रे, छायाचित्रे, ब्राउझरमधील पासवर्ड आणि बुकमार्क हे सारे एक्सटर्नल हार्ड डिस्कवर घ्यावे आणि त्यातल्या चार-दोन फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात, कारण न तपासलेल्या बॅकअपवर विसंबणे धोक्याचे असते. मराठी वापरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. संस्थेची जुनी इतिवृत्ते किंवा एखाद्या पुस्तकाची संहिता अशा फायलींत असेल, तर ते फॉन्टही फायलींबरोबर जपून ठेवावेत आणि महत्त्वाच्या फायलींची पीडीएफ प्रत आताच काढून घ्यावी. हे काम कंटाळवाणे आहे, तरीही ते पुढे ढकलू नये.

संगणक विंडोज ११च्या अटींत बसत असेल, तर पुढचे काम सोपे आहे: लॅपटॉप चार्जरला जोडून सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’मधून मोफत अपग्रेड घ्यावे. नवे रूप पसंत पडले नाही, तर पहिल्या १० दिवसांत जुन्या आवृत्तीकडे परतता येते. बसत नसेल आणि काम टॅलीवर किंवा केवळ विंडोजवर चालणाऱ्या अन्य प्रोग्रॅमवर अवलंबून असेल, तर वैयक्तिक संगणकासाठी मायक्रोसॉफ्टने विस्तारित सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत ठेवली आहे. तेवढ्या अवधीत नव्या संगणकाची तजवीज करावी. अटींना बगल देऊन विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या प्रचारात आहेत, पण अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून त्या मी सुचवणार नाही.

ज्यांचे काम ब्राउझर, पत्रे, हिशेबाचे तक्ते आणि व्हिडिओ यांत आटोपते, त्यांच्यासाठी लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी बसवता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम हा चांगला पर्याय आहे. २०२४मध्ये आलेल्या त्याच्या २२व्या आवृत्तीला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. जुन्या संगणकासाठी त्यातील एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण सिस्टीम सामावलेली एकच फाइल, उतरवावी आणि रूफस या प्रोग्रॅमने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी. त्या पेनड्राइव्हवरचे आधीचे सर्व काही पुसले जाते. संगणक सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, कंपनीनुसार जी असेल ती कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. मिंट काहीही न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालतो, हा त्याचा मोठा गुण. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि इनस्क्रिप्ट कळफलक या सर्वांची परीक्षा आधीच घ्यावी. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन वापरणाऱ्यांनी तर ती विशेष कसोशीने घ्यावी. समाधान झाल्यावरच ‘इन्स्टॉल’वर क्लिक करावे. त्यातील संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय विंडोजसह सर्व फायली नष्ट करतो, हे ध्यानात ठेवूनच तो निवडावा. बसवून झाल्यावर सर्व अपडेट घ्यावेत आणि टाइमशिफ्ट सुरू करावे, म्हणजे एखाद्या अपडेटने बिघाड झाल्यास सिस्टीम मागील स्थितीत आणता येते.

संगणकात अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर नवी सिस्टीम बसवण्याआधीच तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, घालून घ्यावी. जुना संगणक रखडतो त्याचे कारण पुष्कळदा प्रोसेसर नसून हीच डिस्क असते. शिवाय काढलेली डिस्क जशीच्या तशी राहते. ती फॉरमॅट न करता एक-दोन महिने कपाटात ठेवावी. बॅकअपमधून निसटलेली एखादी फाइल आठवली, तर ती तिथेच सापडेल.