अमिनो आम्ले, इन्सुलिन आणि पेशीची वाढ: प्रयोगात या चुका टाळा

पेशीने वाढावे की थांबावे हे ठरवणाऱ्या एमटॉरसी१ या प्रथिनसंकुलाला दोन वेगवेगळ्या सूचना लागतात. अमिनो आम्ले पुरेशी असली की रॅग जीटीपीएझ प्रथिने या संकुलाला लायसोसोमच्या (पेशीतल्या पचन करणाऱ्या पिशवीच्या) पृष्ठभागावर आणून ठेवतात. इन्सुलिन पोहोचले की पीआय३ कायनेझ आणि एकेटी या फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमांमार्फत टीएससी या रोखून धरणाऱ्या संकुलाचा दाब उठतो, आणि त्याच पृष्ठभागावरचे ऱ्हेब हे प्रथिन एमटॉरसी१ ला कामाला लावते. एक सूचना जागा ठरवते, दुसरी काम सुरू करते. ही दोन कामे एकाच मार्गाचे पुढचे-मागचे टप्पे आहेत असे गृहीत धरले, की प्रयोगाची आखणीच चुकते.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे सीरम (रक्तातला वाढीचे घटक असलेला द्रवभाग) काढून घेतले की पेशी उपाशी राहिल्या असे मानणे. डीएमईएम या पेशी वाढवण्याच्या सीरमविरहित मीडियममध्येही ल्युसिन हे अमिनो आम्ल सुमारे ०.८ मिलिमोलर असते, म्हणजे रक्तातल्या पातळीच्या कितीतरी पट. अशा पेशी इन्सुलिनला वंचित असतात, अमिनो आम्लांना नव्हे. उलट, अमिनो आम्ले वगळलेल्या मीडियममध्ये नेहमीचे सीरम घातले तर त्यातली मुक्त अमिनो आम्ले मागच्या दाराने आत येतात, म्हणून तिथे डायलिसिस केलेलेच (लहान रेणू गाळून काढलेले) सीरम वापरावे. ग्लुकोज मात्र कायम ठेवावे, कारण ऊर्जा घटली की एएमपीके हे एन्झाइम जागे होऊन एमटॉरसी१ ला स्वतंत्रपणे रोखते.

कंट्रोल चार हवेत: दोन्ही नसलेली प्लेट, फक्त इन्सुलिनची, फक्त अमिनो आम्लांची आणि दोन्ही असलेली. यातली दुसरी प्लेट सर्वांत बोलकी असते. तिच्या वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) एकेटीच्या सेरिन ४७३ या जागी फॉस्फेट जोडल्याची पट्टी ठळक उमटते, पण एमटॉरसी१ ज्यावर फॉस्फेट जोडते त्या एस६के१ च्या थ्रिओनिन ३८९ ची जागा जवळजवळ रिकामी राहते. इन्सुलिनची सूचना आत पोहोचली, तरी एमटॉरसी१ लायसोसोमवर नसल्यामुळे ती पुढे गेली नाही, हे एवढ्या एका फरकातून दिसते. केवळ एस६ (एस६के१ ज्यावर फॉस्फेट जोडते ते) प्रथिनाच्या सेरिन २३५/२३६ वर विसंबून निष्कर्ष काढू नये, कारण तिथे आरएसके कायनेझही फॉस्फेट जोडतात.

वेळेची चूक सहज नजरेतून सुटते. अमिनो आम्ले सुमारे ५० मिनिटे काढून घेऊन १० मिनिटे परत देणे पुष्कळ पेशींना पुरते. हाच उपास कित्येक तास लांबवला तर ऑटोफॅजी पेशीतलीच प्रथिने मोडून अमिनो आम्ले मोकळी करते, एमटॉरसी१ अंशतः पुन्हा सक्रिय होते, आणि संशोधकाला वाटते की पेशींना अमिनो आम्लांची पर्वाच नाही. परत देताना द्रावणाचा पीएच जुळवून घ्यावा; तो ढळला तर त्याचाही परिणाम एमटॉरसी१ वर होतो.

अर्थ लावताना होणारी चूक मला याहून गंभीर वाटते. अमिनो आम्ले भरपूर दिल्यावर एकेटीचे फॉस्फोरिलेशन (फॉस्फेट जोडले जाणे) उतरलेले दिसले, तर इन्सुलिन खराब झाले असे समजून नवी बाटली उघडण्याआधी थांबावे. सक्रिय एस६के१ हे इन्सुलिनचा संदेश पुढे नेणाऱ्या आयआरएस-१ वर फॉस्फेट जोडून इन्सुलिनचाच मार्ग मंद करते. एमटॉरसी१ ला रोखणारे रॅपामायसिन हे औषध दिल्यावर अनेक पेशींत एकेटी उलट वाढते, तेही हा उलट दाब सुटल्यामुळे. रॅपामायसिन एमटॉरसी१ चे दुसरे लक्ष्य असलेल्या ४ई-बीपी१ वरचे फॉस्फेट पूर्ण काढू शकत नाही आणि दीर्घकाळ दिल्यास काही पेशींत एमटॉरचे दुसरे संकुल असलेल्या एमटॉरसी२ लाही बाधा आणते. त्यामुळे ‘रॅपामायसिनने काही बदलले नाही, म्हणजे एमटॉरचा संबंध नाही’ असे लिहिण्यापूर्वी टोरिन१ सारख्या थेट अवरोधकाने पडताळणी करावी, मात्र तो दोन्ही संकुलांना रोखतो हे ध्यानात ठेवून.

पेशींची निवडही तपासावी. पीआय३ कायनेझच्या कामाला आवर घालणारे पीटेन प्रथिन हरवलेल्या पीसी३ किंवा यू८७ या कर्करोगाच्या पेशींत एकेटी इन्सुलिनवाचूनच सक्रिय असते, त्यामुळे तिथे इन्सुलिनचा वेगळा परिणाम शोधणे व्यर्थ ठरते. इन्सुलिनची मात्रा फार वाढवली तर ते आयजीएफ-१ या इन्सुलिनसारख्या संप्रेरकाच्या ग्राहीलाही (पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनालाही) जागे करते आणि कोणत्या ग्राहीमुळे काय घडले हे सांगता येत नाही.

शेवटी मोजमाप. पेशींची संख्या वाढली म्हणजे पेशी वाढली असे नव्हे. वाढ मोजायची असेल, तर पेशीचे आकारमान आणि दर पेशीमागे असलेले प्रथिन मोजावे, आणि तुलना पेशीचक्राच्या एकाच टप्प्यातल्या पेशींची करावी.