संकटकाळात इतिहासाकडे वळताना: नव्या अभ्यासकांसाठी थोडं अनुभवाचं

राजकीय संकट आलं की इतिहासाच्या माणसाला एक प्रश्न हमखास येतो: ‘असं पूर्वी कधी झालं होतं का?’ उत्तर देण्याआधी मी कागदाचे दोन रकाने करते, साम्याचा आणि फरकाचा. फरकाचा आधी भरते. साम्यं आपोआप सुचतात, फरक मात्र शोधावे लागतात.

या सवयीचं मोल कळायला १९५६चं सुएझ प्रकरण वाचा. ब्रिटनचे पंतप्रधान होते अँथनी ईडन. हुकूमशहांपुढे नमतं घेण्यावरून तेव्हाचे पंतप्रधान चेंबरलेन यांच्याशी पटेना, म्हणून फेब्रुवारी १९३८मध्ये त्यांनी परराष्ट्रमंत्रिपद सोडलं होतं. सप्टेंबरात म्युनिक करार झाला, म्हणजे ब्रिटन-फ्रान्सनं चेकोस्लोव्हाकियाचा काही भाग हिटलरला देऊन नमतं घेतलं, आणि वर्षभरात युद्ध पेटलं. पुढे १९५६मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, तेव्हा ईडनना त्यांच्यात इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी दिसला. फ्रान्स आणि इस्रायलशी गुप्त संधान बांधून इजिप्तवर हल्ला झाला. अमेरिकेनं पौंडाची कोंडी केली, ६ नोव्हेंबरला युद्धबंदी मान्य करावी लागली आणि जानेवारीत ईडन पायउतार झाले. इतिहास त्यांना ठाऊक नव्हता असं कसं म्हणणार? त्यांनी तो भोगला होता, आणि मला वाटतं म्हणूनच फरक नजरेआड झाले. कालवा इजिप्तच्याच भूमीत होता आणि भागधारकांना भरपाई देऊ केलेली होती.

१९६२मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेपुढे उभ्या राहिलेल्या पेचप्रसंगात तर एकाच संकटावर दोन दाखले पुढे आले. अमेरिकी हवाई दलाचे प्रमुख जनरल लमे यांनी म्युनिकची आठवण दिली, तर अचानक हल्ला म्हणजे १९४१मध्ये जपाननं आपल्यावर केला तसा पर्ल हार्बर आपणच करणं, असं इतर काही सल्लागारांना वाटलं. अध्यक्ष केनेडींच्या त्या बैठकींच्या ध्वनिफिती आज उपलब्ध आहेत, जरूर ऐका. कोण कुठला दाखला देतो आणि त्यातून त्याला काय साधायचं असतं, हाही आपल्या अभ्यासाचाच विषय आहे.

दुसरं काम साधनं जपण्याचं. माझ्या मते तेच अधिक निकडीचं, कारण भाष्य उद्या करता येतं, फाडलेलं पत्रक उद्या मिळत नाही. नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वॉर्सा घेट्टोत इमॅन्युएल रिंगेलब्लम या इतिहासकारानं सहकाऱ्यांसह रोजनिश्या, सरकारी हुकूम, रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, अगदी खाऊच्या गोड गोळ्यांचे कागदसुद्धा गोळा करून पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये पुरून ठेवले. १९४४मध्ये त्यांची हत्या झाली. संग्रहाचे दोन भाग १९४६ आणि १९५०मध्ये सापडले. मारेकऱ्यांच्या कागदपत्रांत न सापडणारं ज्यूंचं रोजचं जगणं त्यामुळे आपल्याला वाचता येतं.

तुम्हीही पत्रकं, नोटिसा, पोस्टर्स जमवा. प्रत्येकावर तारीख, ठिकाण आणि ते कसं हाती आलं हे त्याच दिवशी लिहा. मुलाखती घेतल्यात तर बोलणाऱ्यांची नावं मजकुरापासून वेगळी, सुरक्षित ठेवा. सत्ता कुणाकडे जाईल सांगता येत नाही, आणि तुमची वही कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते.