बाहेरचा ड्रायव्हर बसत नाही? आधी कर्नलची कॉन्फिग बघा

लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अपडेट झाला, मशीन रीस्टार्ट केलं आणि वायफाय गायब. मग वायफायचा बाहेरचा, म्हणजे कर्नलसोबत न येणारा, वेगळा टाकलेला ड्रायव्हर काढायचा, परत टाकायचा, असं तीनदा करूनही काही होत नाही. ड्रायव्हर बहुतेक वेळा धडधाकटच असतो, फक्त तो बिल्ड झालाय एका कर्नलसाठी आणि चालू आहे भलताच. (कमांड इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाईप करा.)

सुरुवात ‘युनेम -आर’ने करा, चालू कर्नलची आवृत्ती कळते. जो आकडा येईल त्याच नावाचं फोल्डर ‘लिब/मॉड्यूल्स’मध्ये उघडा आणि ड्रायव्हरची ‘.केओ’ फाइल (कर्नलमध्ये लोड होणारा तुकडा, म्हणजे मॉड्यूल) तिथे आहे का ते बघा. नसेल, तर ड्रायव्हर जुन्या कर्नलच्या फोल्डरातच राहिलाय. चालू कर्नलचे हेडर्स (बिल्डसाठी लागणाऱ्या फाइली) टाकून पुन्हा बिल्ड करा, काम झालं.

फाइल आहे, पण ‘इन्व्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ येतंय? फाइलचा पूर्ण पत्ता देऊन ‘मॉडइन्फो’ चालवा आणि ‘व्हरमॅजिक’ची ओळ वाचा. तिथे कर्नलच्या आवृत्तीपुढे एसएमपी, प्रीएम्प्ट, मॉड_अनलोड असे शब्द असतात. कर्नल बांधताना कोणते पर्याय चालू होते, त्याच्याच या खुणा. एक शब्द जरी वेगळा असला तरी कर्नल ड्रायव्हरला दारातूनच परत पाठवतो. मॉड्यूल लोड करणाऱ्या ‘मॉडप्रोब’ कमांडला ‘फोर्स’ लावून आत ढकलता येतं, पण तसं करू नका. मशीन मध्येच गोठलं तर कारण सापडता सापडत नाही.

‘अननोन सिम्बॉल’ आलं, म्हणजे ड्रायव्हरला हवं ते फंक्शन कर्नलमध्ये सापडलं नाही, तर कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसग’मध्ये त्या सिम्बॉलचं नाव मिळतं. नाव ‘सीएफजी८०२११’ने (कर्नलचा वायफायचा भाग) सुरू होत असेल, तर ‘बूट’ फोल्डरातल्या कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे कर्नल बांधतानाच्या पर्यायांच्या यादीत, कॉन्फिग_सीएफजी८०२११ शोधा. ‘वाय’ म्हणजे कर्नलमध्येच आहे, ‘एम’ म्हणजे वेगळं मॉड्यूल आहे आणि ते आधी लोड करायला हवं. ‘इज नॉट सेट’ असेल तर कर्नलच नव्याने बांधावा लागेल. कॉन्फिग_ट्रिम_अनयूज्ड_केसिम्स चालू आहे का तेही बघा. कर्नलच्या स्वतःच्या मॉड्यूल्सना न लागणारे सिम्बॉल तो छाटून टाकतो, आणि बाहेरच्या ड्रायव्हरला नेमके तेच हवे असतात.

कर्नल स्वतः बांधणाऱ्यांसाठी एक सापळा आहे. ‘मेक मॉड्यूल्स_प्रिपेअर’ झटपट होतं, पण त्यातून ‘मॉड्यूल.सिमव्हर्स’ ही सिम्बॉलच्या यादीची फाइल तयार होत नाही. कॉन्फिग_मॉडव्हर्जन्स (सिम्बॉल जुळतात का ते तपासणारा पर्याय) चालू असेल तर पूर्ण बिल्डला पर्याय नाही. आपल्या मशीनपुरती कॉन्फिग बनवणारं ‘लोकलमॉडकॉन्फिग’ वापरताना सगळी उपकरणं जोडून ठेवा. त्या क्षणी लोड नसलेली मॉड्यूल्स ते सरळ बंद करतं.

‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ हा सहीचा मामला. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हरवर स्वतःच्या कीने सही करा, ती की ‘मॉकयुटिल’ने नोंदवा आणि रीस्टार्टच्या वेळी येणाऱ्या स्क्रीनवर पासवर्ड देऊन मंजूर करा. ती स्क्रीन घाईत निघून गेली की सगळं पहिल्यापासून.

दर अपडेटला हा खटाटोप नको असेल तर डीकेएमएस हे टूल लावा. नवा कर्नल आला की ड्रायव्हर आपोआप बिल्ड होतो. पण कर्नलच्या आतली फंक्शन्स बदलली तर डीकेएमएसही हात टेकतं. ‘अ‍ॅक्सेस_ओके’ या फंक्शनला पूर्वी तीन आर्ग्युमेंट लागायचे, कर्नल ५.० पासून दोनच. तेव्हा जुने ड्रायव्हर कंपाइलच होईनात. असं झालं तर ड्रायव्हरची नवी आवृत्ती येईपर्यंत बूट मेन्यूतून जुना कर्नल निवडा. म्हणूनच जुना कर्नल लगेच काढून टाकू नका.